पहिलं ‘मंजूर’

टक्. थोड्या वेळाने पुन्हा टक्.

आमच्या पोळपाटाचा एक पाय तोकडा होता. आई लाटायला लागली की तो फरशीवर वाजायचा. एरवी तो आवाज कुणाच्या कानावर जात नसे, कारण सकाळच्या वेळी आमच्या स्वयंपाकघरात कुणी ना कुणी बाहेरचं माणूस बसलेलं असेच. त्या रविवारी मात्र आप्पा आणि दादा समोरासमोर ताटावर होते आणि दोघंही गप्प होते. बोलत होता तो पोळपाट.

शेवटी आईच म्हणाली, "त्याचं तरी ऐका कुणीतरी. कधीचा एकटाच बोलतोय."

आप्पा हसले, पण दादाकडे न बघता. हात धुतला, टोपी घातली आणि संस्थेत निघून गेले.

आमचं गाव वारणाकाठचं. आप्पा, म्हणजे भूपाल पाटील, गावाचे अण्णा, तिथल्या पाणीपुरवठा संस्थेचे चेअरमन. नदीचं पाणी उपसून माळावरच्या शेतांना द्यायचं, हे तिचं काम. माझ्या जन्माच्या आधी त्यांनीच ती उभी केली होती. गाव तिला नुसतं ‘संस्था’ म्हणायचं. आई तिला सवत म्हणायची. "ह्यांची थोरली तिकडं असते," असं ती नव्या पाहुण्यांनाही सांगायची, आणि आप्पा अपराध्यासारखं हसून पान जुळवत बसायचे.

बापलेकांचं वाजलं होतं ते सभेवरून. पाटाचं पाणी मोकाट सोडून सोडून आमच्या माळाची जमीन मिठाने पांढरी पडत चालली होती. सगळ्या शिवाराला ठिबक करायचं, हा आप्पांचा ध्यास. आदल्या वर्षीच्या वार्षिक सभेत त्यांनी तो ठराव आणला, तेव्हा दुसऱ्या तटाचा जयपाल चौगुले उभा राहून काहीतरी बोलला, त्याला कुणीतरी बस म्हणालं, त्यावर तिसरा उठला, आणि बघता बघता खुर्च्या उडायला लागल्या. सभा उधळली. त्याच आठवड्यात आप्पांच्या छातीत दुखलं. मिरजेला नेलं, डॉक्टरांनी शिरेत जाळी बसवली आणि दगदग बंद करायला सांगितलं. आप्पांनी आईच्या डोक्यावर हात ठेवून कबूल केलं होतं, की ठिबकचा ठराव एकदा झाला की थांबतो. त्यामुळे आमच्या घरात त्या वर्षी ठिबक म्हणजे नुसतं ठिबक नव्हतं.

दादा, माझा थोरला भाऊ विद्याधर, पुण्यात पदार्थविज्ञानात संशोधन करत होता. केऑस हा त्याचा विषय. सभेसाठी म्हणून तो मुद्दाम आला होता. आदल्या रात्री त्याने आप्पांना सुचवलं होतं की सभेत आपली माणसं कुठे बसवायची ते मला ठरवू दे. आप्पा ताडकन म्हणाले, "सभेत माणसं पेरायची? ते शेजारच्या गावात करतात. मी आजवर केलं नाही, आता ह्या वयात शिकायचंही नाही."

आप्पा गेल्यावर दादाने ताट पुढे ओढलं आणि आम्हा दोघींना त्याचं सगळं समजावून सांगितलं. मी तेव्हा कॉलेजात होते. त्याचं बोलणं मला निम्मं कळायचं आणि पूर्ण आवडायचं. तो म्हणाला, नळ बारीक सोडला की थेंब एका तालात पडतात. अजून थोडा सोडला की ताल बिघडतो, पुढचा थेंब कधी पडेल हे कुणालाही सांगता येत नाही. पण म्हणून तिथे नियम नसतो असं नाही. नियम असतोच, फक्त सुरुवातीला केसाएवढा फरक पडला की शेवटी डोंगराएवढा होतो. गर्दीचं तसंच. गेल्या वर्षी चौगुलेच्या शेजारी दुसरा कुणी बसला असता, तर कदाचित खुर्च्या उडाल्या नसत्या.

"मग त्याच्या शेजारी बस म्हणावं बाबगोंडाला," आई म्हणाली. बाबगोंडा मगदूम हे संस्थेचे व्हाइस चेअरमन आणि आप्पांचे बालमित्र. दोन खुर्च्यांचं अंग होतं त्यांचं.

दादाने आमटीत बोट बुडवून ताटावर एक रेघ ओढली. हा मुख्य पाट. मग तिला फाटे काढले, फाट्यांना बारीक फाटे. पोटपाट, दांड, सरी. "उंचावरून बघ नाहीतर वाकून बघ, आकार तोच दिसतो. ह्याला फ्रॅक्टल म्हणतात. गावही असंच असतं. गावात दोन तट. एका तटातली एक भावकी घेतली, तर तिच्यात दोन तट. त्या भावकीतलं एक घर घेतलं, तर त्यातही दोन."

"आणि एकेका माणसात?" आईने विचारलं.

"तिथंही दोन असणार," दादा म्हणाला. आईने मान हलवली आणि पोळी उलटली.

त्याचं म्हणणं असं, की बाकीचे चेअरमन चुकतात ते इथे. ते आपली सगळी माणसं पुढच्या ओळीत बसवतात. सेक्रेटरीने नुसता कागद उचलला की ती ओरडतात, मंजूर, मंजूर. ते कुणालाच खरं वाटत नाही, आणि मागची माणसं तेवढ्यानेच चिडतात. त्याऐवजी प्रत्येक भावकीत एक माणूस हवा, साधासुधा. ओरडायचं नाही. वाचून संपल्यावर जी एक क्षणाची शांतता पडते, तेव्हा एकाने रोजच्या आवाजात म्हणायचं, मंजूर. ते ऐकून त्याच्या जवळच्याने. मग त्याच्या जवळच्याने. बाकीच्यांना वाटतं, आपल्या शेजारचाच म्हणाला की. "गर्दीला ढकलायचं नसतं गं. नुसतं बोट लावायचं असतं. पण वेळेवर."

आईने त्याच्या ताटात पोळी टाकली. "तुझ्या ह्या गणितात तुझ्या आप्पांना घरी बसवायचं काही आहे का?"

"ते अजून जगात कुणाला सुटलेलं नाही," दादा म्हणाला, आणि आम्ही तिघंही हसलो.

आप्पांना न सांगता करायचं, हे बाबगोंडाकाकांच्या गळी दादानेच उतरवलं. त्यांच्या गुऱ्हाळात तेव्हा हंगाम नसल्यामुळे शुकशुकाट होता. तिथे तालीम ठरली. मी चहाची किटली घेऊन गेले होते, म्हणून मला बघायला मिळाली. दादाच्या बरोबरीची, त्याच्या वर्गातली, प्रत्येक भावकीतली पोरं चिपाडाच्या ढिगांवर पांगून बसली होती. त्यांना एकच गोष्ट सांगितली होती: स्टेजकडे लक्ष द्यायचं नाही, आपल्या आधीच्याच्या आवाजाकडे द्यायचं. तो बोलला की बोलायचं. विचार करत बसायचं नाही.

काका रस आटवायच्या काहिलीच्या कठड्यावर उभे राहून खोटे खोटे ठराव वाचत होते. दोन-तीन नीट झाले. मग पोरांची गंमत करावी म्हणून काका सभेच्या भारदस्त आवाजात म्हणाले, "व्हाइस चेअरमन बाबगोंडा मगदूम यांनी उद्यापासून तंबाखू बंद करावी, असं ही सभा ठरवते."

कोपऱ्यातून आवाज आला, मंजूर. लगेच दुसरा, तिसरा, आणि गुऱ्हाळभर ते पसरत गेलं.

"अरं, काय म्हणतोय ते तरी ऐका रं," काका म्हणाले. पोरं पोट धरधरून हसली. दादा हसला नाही. त्याच्या डोळ्यांत वेगळंच काहीतरी होतं. लहानपणी पतंग वर टिकला की असायचं तसं. तो म्हणाला, "असंच. बरोब्बर असंच पाहिजे."

सभा हायस्कूलच्या पटांगणात भरली. सप्टेंबरचं ऊन होतं, आणि आदल्या दिवशीच्या पावसाने मांडवाच्या कापडाला ओलसर वास येत होता. पुरुष खुर्च्यांवर, डाव्या बाजूला बायका जाजमावर. आई सभासद होती, जमीन तिच्याही नावावर होती. पण ती सभेला कधी येत नसे. थोरलीच्या घरी कशाला जायचं, म्हणायची. त्या वर्षी मात्र ती आली. आप्पांच्या जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांची डबी तिने मुठीत धरली होती. काही झालंच तर स्टेजपर्यंत धावत जायला किती वेळ लागेल, असं तिने मला बसल्या बसल्या विचारलं. मी म्हटलं, काही होणार नाही. ती म्हणाली, गेल्या वर्षीही हेच म्हणालेले सगळे.

आधीचे विषय नेहमीसारखे गेले. मग सेक्रेटरींनी ठिबकचा ठराव वाचायला घेतला. मी पुरुषांच्या बाजूला बघत होते. जयपाल चौगुले खुर्चीच्या कडेवर आला होता, उठायच्या बेतात. वाचून संपलं. मांडवात शांतता पडली. आणि अगदी मागून, कुणीतरी जेवणात ‘मीठ दे’ म्हणावं इतक्या साध्या आवाजात, कुणीतरी म्हणालं, मंजूर. मग मधून. मग उजवीकडच्या कनातीजवळून. मग जी माणसं दादाची नव्हती तीही म्हणायला लागली, आणि तो शब्द पाणी सरीसरीतून फिरावं तसा सगळ्या मांडवातून फिरला. चौगुले उभा राहिला होता. त्याने मागे वळून बघितलं, तर त्याचा चुलतभाऊच मंजूर म्हणत होता. तो खाली बसला.

स्टेजवर आप्पा नुसते बघत राहिले. त्यांना हे खरं वाटत नव्हतं. माझ्या शेजारी आईने सोडलेला श्वास मला ऐकू आला. दादा लाउडस्पीकरच्या पेटीजवळ उभा होता. त्याने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. तो क्षण तिथेच थांबला असता, तर मी हे लिहायला बसले नसते.

शेवटी आप्पा समारोपाला उठले. दरवर्षी ते समारोपात एक गोष्ट म्हणायचे, की आता माझं वय झालं, मला मोकळं करा, नवा माणूस बघा. आणि दरवर्षी सभा म्हणायची, नाही नाही, अण्णा, तुम्हीच. पाहुणा उठतो आणि आपण ‘बसा की’ म्हणतो, तसला तो प्रकार होता. त्यात कुणी खोटं बोलत नसे आणि कुणी खरंही बोलत नसे. गावातल्या पोरांनाही ते पाठ होतं.

त्या वर्षी मात्र ते नेहमीसारखं झालं नाही, कारण आप्पांना भरून आलं. ते म्हणाले, "ज्या कामासाठी थांबलो होतो ते आज तुम्ही केलंत. आता मला काही नको. ही खुर्ची सोडायची परवानगी द्या." आणि पुढे बोलताच येईना. त्यांनी हात जोडले आणि तसेच उभे राहिले. नेहमी ज्या ठिकाणी सभा ‘नाही नाही’ म्हणायची, तिथे लोक त्यांचं बोलणं पुरं व्हायची वाट बघत राहिले. कागद वाचून संपल्यावर पडते, तसलीच शांतता पडली.

त्या शांततेत आवाज आला.

"मंजूर."

बारीक आवाज होता, डाव्या बाजूचा. लगेच मधल्या खांबाजवळून आला, मंजूर. मग मागून, मग कनातीजवळून. पोरं स्टेजकडे बघतच नव्हती. त्यांना तसंच सांगितलेलं होतं. आणि एकदा ते सुरू झाल्यावर चौगुलेच्या बाजूचे हसत हसत म्हणाले, आणि ज्यांना काय चाललंय ते कळलं नाही तेही म्हणाले. दादा दोन्ही हात वर करून काहीतरी सांगत पुढे धावला. त्याच्याकडे बघून दोघा-चौघांना वाटलं, हा टाळ्या वाजवायला सांगतोय. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

सगळं थांबलं तेव्हा पोरांनी एकमेकांकडे बघितलं. बाबगोंडाकाका माईकशी आले. "ओ, तसं न्हाई ते, थांबा जरा, पोरांचा घोटाळा झालाय," असं म्हणायला लागले. आप्पांनी त्यांच्या दंडाला धरून त्यांना मागे घेतलं. आप्पांचे हात एव्हाना सुटले होते. ते एकदा सगळ्या मांडवाकडे बघून, पुरुषांकडे आणि मग बायकांकडे बघून म्हणाले, "सभेत झालं ते झालं. सभेचा निर्णय मला मान्य आहे."

संध्याकाळी अर्धं गाव आमच्या सोप्यात होतं. चौगुलेसुद्धा आला आणि म्हणाला, अण्णा, ही थट्टा झाली, मनावर घेऊ नका. आप्पांनी सगळ्यांना चहा दिला. सगळ्यांना एकच उत्तर दिलं, की एवढी माणसं एका सुरात चुकून बोलत नसतात.

सकाळी दादा त्यांच्यासमोर जाऊन बसला. मी दाराशी होते, आई आत चुलीपाशी.

"आप्पा, ती माणसं मी बसवली होती. त्यांना कळलंच नाही काय होतंय ते. तुमच्या विरोधात कुणीही नव्हतं."

आप्पा म्हणाले, "म्हणजे ठिबकही तुझंच."

"नाही आप्पा. ठिबक लोकांना हवंच होतं. मी फक्त बोट लावलं."

"मग माझं जाणंही लोकांना हवंच असेल."

"तसं नाही ते."

"विदू, मला एवढंच सांग. कालच्या सभेतलं कुठलं मंजूर गावाचं होतं आणि कुठलं तुझं?"

हिशेब दादाकडे होता, पण तो ह्या प्रश्नाचा नव्हता. आप्पा उठले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला, न रागावता, आणि आत गेले. रागावले असते तर बरं झालं असतं, असं दादा पुढे कितीदा तरी मला म्हणालेला आहे.

ठिबक झालं. नव्या चेअरमनने केलं. माळाची जमीन आता पुष्कळ सुधारली आहे, असं गावाकडून येणारे सांगतात. आप्पांनी तो माळ पुन्हा बघितला नाही. नदीकाठच्या आमच्या शेताकडे जाताना संस्थेच्या मोटर-घरावरून जाणारा जवळचा रस्ता त्यांनी सोडून दिला.

दादा पुण्याला परत गेला तो एक रेकॉर्डिंग घेऊन. सभेत कुणीतरी मोबाइलवर केलेलं. दिवाळीला आला तेव्हा कानात इअरफोनची बोंडं घालून तेच ऐकत बसलेला असायचा. एका दुपारी त्याने मला गच्चीवर बोलावलं.

तो म्हणाला, माझ्या सगळ्या माणसांना विचारून झालं, चंदना. आधी कोण, मग कोण, सगळं जुळलं. सगळ्यांच्या आधीचा जो आवाज आहे ना, तो त्यांच्यातला नाही. तो डावीकडून आलाय. इतका बारीक आहे, की बाईचा, पोराचा का म्हाताऱ्याचा, काही ठरत नाही. खांबाजवळच्या माझ्या माणसाने तो ऐकला आणि तिथून सुटलं सगळं.

"तू बायकांत होतीस. कोण होतं?"

मी म्हटलं, तेवढ्या गलक्यात काय कळणार.

"गलका नंतर झाला. त्याआधी सगळं शांत होतं." त्याने बोंडं काढून हातात घेतली. "तो आवाज बाहेरचा असेल, तर मी आप्पांना उठवलेलं नाही. मी नुसतं रान तयार करून ठेवलं होतं. फरक आहे की नाही त्यात?"

फरक होता. त्याच्यासाठी तर सगळा फरक त्यातच होता. मी म्हटलं, मला नाही कळलं कोण होतं ते.

खालून आईने हाक मारली. पाण्याचं पिंप भरलंय का बघा, म्हणाली. मी बघायला गेले.

आई माझ्या डाव्या हाताला बसली होती. आप्पांचा आवाज अडकला तेव्हा ती पुढे झुकली. गोळ्यांची डबी उघडायला तिचा अंगठा झाकणावर गेला होता. मग त्यांनी हात जोडलेले तिने बघितले. परवानगी द्या, हे ते इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्यासमोर म्हणत होते. त्याचं उत्तर काय द्यायचं असतं हे गावाला पाठ होतं, तिला नव्हतं. ताट वाढताना ‘हो’ म्हणावं, इतक्या हळू ती म्हणाली, मंजूर. ते सभेला नव्हतं. फक्त त्यांना होतं. शंभरांच्या ‘नाही नाही’त ते बुडून जाईल, असंही तिला वाटलं असेल. मग सगळीकडून तोच शब्द यायला लागला. तेव्हा तिने आधी इकडे, मग तिकडे बघितलं आणि पदराचं टोक तोंडात धरलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही. मीही बघितलं नाही. ह्या गोष्टीवर आम्ही दोघी आजपर्यंत बोललेलो नाही.

तिला जे हवं होतं ते मिळालं होतं. आप्पा घरी होते. पहिले काही दिवस तिने भोपळ्याचे घारगे केले, कटाची आमटी केली, दुपारी त्यांच्याजवळ निवडायचं घेऊन बसायला लागली. ते सगळं खायचे, छान झालंय म्हणायचे आणि सोप्यातल्या खुर्चीत जाऊन रस्त्याकडे बघत बसायचे. कुणी हाक मारली तर हात वर करायचे. संस्थेचा भोंगा वाजला की त्यांची मान अजून तिकडे वळायची. आई ते बघायची आणि हातातलं काम वेगाने करायला लागायची.

लग्नापासून तिच्या मनात होतं, की दोघांनी सावकाश बाहुबलीच्या डोंगरावर जावं. कधी जमलं नव्हतं. त्या थंडीत आम्ही तिघं गेलो. आप्पा पायऱ्या थांबत थांबत चढत होते. अर्ध्यावर बसले, घाम पुसला. खाली सगळा ऊस दिसत होता. ते हसून म्हणाले, "काय राजमती, झालं का तुझ्या मनासारखं?"

आईने पाण्याची बाटली त्यांच्या हातात दिली.

डोंगरावर आणलं म्हणून ते तसं म्हणाले असतील. नवरा-बायकोत असतं तसलं साधंच बोलणं. पण त्या सभेत शेवटी ते आधी पुरुषांकडे आणि मग बायकांकडे बघून ‘मान्य आहे’ म्हणाले होते, ते मला तिथे पायरीवर आठवलं. तीस वर्षं जिच्या हातचं जेवलो, तिचा आवाज माणसाला तेवढ्या अंतरावरून ओळखू येतो का? येत असेल, तर गावाने इतकं विनवूनही ते परत का गेले नाहीत, ह्याचं उत्तर वेगळंच आहे. विचारायला हवं होतं. पण त्या डोंगरावर, दोघं एका पायरीवर बसलेली असताना, कसं विचारणार.

त्यानंतर दोन पावसाळे आप्पा होते. गेले तेव्हा दादा जर्मनीत होता. पोहोचला तोवर सगळं उरकलेलं होतं. त्याने तिकडेच नोकरी धरली, तिकडेच राहिला. येतो, चार दिवस राहतो, गावाकडे मात्र जात नाही.

माझं लग्न होऊन मी सांगलीत आले. आरू झाली, आणि मग तिला सांभाळायला म्हणून आई आमच्याकडे आली ती राहिलीच. आरू आता पाच वर्षांची आहे. आजीशिवाय ती जेवत नाही आणि आजी तिच्याशिवाय.

दर रविवारी दुपारी दादाचा व्हिडिओ कॉल येतो. काल आला तेव्हा आई खिडकीपाशी गवार मोडत बसली होती, आरू तिच्या मांडीला टेकून. दादाच्या कानावरचे केस पांढरे झालेले दिसायला लागले आहेत. त्याने आईला गुडघ्यांचं विचारलं, आरूला बर्फ दाखवला. मग आई मोडलेल्या शेंगांचं ताट ठेवायला आत गेल्यावर, आवाज खाली करून, अधूनमधून विचारतो ते त्याने विचारलं. आधी म्हणाला, मी परत तेच विचारतोय, हसू नकोस. रेकॉर्डिंग नव्या कुठल्याशा यंत्रातून काढलं, तरी काही लागत नाही. "तुला अजून काही आठवत नाही ना गं? कुणाचा चेहरा, काही? आता कुणाला काही म्हणायचं नाहीये मला. मला नुसतं झोप लागण्यापुरतं हवंय."

मी म्हटलं, नाही रे, दादा.

तो म्हणाला, असू दे. आणि फोन बंद झाला.

आई परत येऊन बसली. उरलेली गवार पुढे ओढली. आरू फोनच्या काळ्या काचेत स्वतःला बघत होती. मग माझ्याकडे वळली.

"मामा तुला सारखं तेच का विचारतो? तुला येत नाही?"

मी म्हटलं, नाही येत.

गवार मोडायचा आवाज थांबला होता. आरू उठून उभी राहिली आणि माझा हात ओढत म्हणाली, "मग आजीला विचारू?"